बारा ड्रमांचा मान

अध्यक्षसाहेब, कवठे येमाईचे समदे मानकरी, आप्पांचे सोयरे, कारेगावातनं शिफ्ट बदलून आलेली आमची कंपनीची पोरं, आन् माय-बहिणींनो.

मी विलास. दौंड तालुक्यातल्या खुटबावचा. म्हस्कूआप्पांच्या संगं रांजणगावच्या कंपनीत कंप्रेसर रूममध्ये अकरा वर्षं काढली. आज आप्पांना जाऊन दहा दिवस झाले. सकाळी नदीवर दशक्रिया झाली, कावळा शिवला, आन् आता तुम्ही मला माइकसमोर उभं केलंय.

बोलायला जड जातंय. रडू येतंय म्हणून न्हाई, रडून झालंय माझं. जड जातंय ते रागानं. माझ्या आधी सात जण बोलले. एक म्हणला थोर शास्त्रज्ञ. एक म्हणला गावाचं भूषण. एक म्हणला, असा माणूस शंभर वर्षांत एकदा जन्माला येतो. मी खाली सतरंजीवर बसून ऐकत व्हतो. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच्याच शोकसभेत आलो काय? कारण ह्याच तोंडांनी आप्पांना तीन वर्षं काय नाव ठेवलं व्हतं, ते मला म्हायत हाय. तुम्हाला बी म्हायत हाय. ल्हान ल्हान पोरांना बी म्हायत हाय.

मेली म्हस आन् मणभर दूध. दुसरं काय म्हणायचं?

पण मी त्यासाठी उभा न्हाई. मेलेल्या माणसाचं गोड बोलायची रीतच हाय, बोला. मी उभा हाय ते ह्या दोन ड्रमांसाठी. माझ्या पाठीमागं, आप्पांच्या फोटोशेजारी, हे दोन निळे ड्रम. झेंडूचे हार घातलेत त्यांना. आम्ही सकाळी नदीवर व्हतो, तवा मंडळाच्या पोरांनी आप्पांच्या आईच्या खोलीतनं हे उचलून आणले. आईला इचारलं न्हाई, आप्पांच्या मालकिणीला, वैनींना इचारलं न्हाई. आन् कार्यक्रमपत्रिकेत शेवटाला काय लिवलंय? ‘मान्यवरांच्या हस्ते आप्पांच्या शोधास जलार्पण.’ म्हंजी झाकण काढायचं, तांब्यातलं पाणी ओतायचं, फुलं टाकायची, फोटो काढायचा.

अध्यक्षसाहेब, तो तांब्या मला दिसतोय टेबलावर. जोवर मी हितं हाय तोवर त्या तांब्याला कुणी हात लावायचा न्हाई. मी ड्रमाला पाठ लावून उभा हाय. म्हणून सांगतो, भाषण लांबलं तरी ऐकून घ्या.

ह्या ड्रमांत काय हाय, हे कुणाला म्हायत हाय? हात वर करा बघू. सात वक्ते बोलले, त्यातला कुणी? एकाचा बी हात न्हाई. ज्या शोधाला जल अर्पण करायचं, तो शोध काय हाय हे कुणाला ठावं न्हाई. शाब्बास.

ह्यात या येणाऱ्या थंडीतल्या आईच्या आठ पहाटा हायत. तेवढ्याच. आठ. आता नीट सांगतो.

कंपनीत हवा दाबून नळ्यांतनं मशीनला सोडत्यात. हवेत ओल असली तर मशीन गंजती. म्हणून ती हवा आधी एका लोखंडी टॉवरमधनं जाती. टॉवरात साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या भरलेल्या असत्यात. गोळ्या ओल पिऊन घेत्यात, हवा कोरडी व्हती. आम्ही समद्यांनी त्या गोळ्या रोज बघितल्या. आप्पांनी काय केलं? आप्पांनी टॉवरला हात लावून बघितला. मला हाक मारली, “विलास, हितं हात लाव. हितं हीटर न्हाई, जाळ न्हाई, मग ह्यो तापला कशानं?”

आम्ही आमच्या इंजिनिअरसाहेबांना इचारलं. साहेब पुण्याचे. चहा पीत पीत म्हणले, “म्हस्कू, होतंच ते. ओल शोषताना उष्णता बाहेर पडते. त्यात विशेष काय?”

आप्पा बाहेर आले. मला म्हणले, “साहेबाला त्यात विशेष वाटलं न्हाई. कारण साहेबाच्या आईला दमा न्हाई.”

ही पुढं बसलीय ती रखमाआई. आप्पांची आई. हिनं अर्धं आयुष्य मेंढरांमागं काढलं. उघड्या माळावर, तीन दगडांच्या चुलीवर, ओल्या काट्याकुट्याच्या धुरात भाकऱ्या थापल्या. मेंढरं गेली, शेती आली, पत्र्याचं घर आलं, आन् आईच्या छातीत धूर ऱ्हायला तो ऱ्हायलाच. थंडी पडली की आईचा दम कोंडतो. शिरूरच्या डॉक्टरनं सांगितलं, खोलीतली हवा ऊबदार ठेवा आन् धूर अजिबात नको. सांगायला काय जातं? शेगडी पेटवली तर धूर. न्हाई पेटवली तर थंडी. लाइटचा हीटर लावावा तर भारनियमन. पहाटं चारला लाइट जाती ती दिवस वर आल्यावर येती, आन् आईचा दम नेमका पहाटंच कोंडतो.

तुम्ही काय सांगितलं व्हतं आप्पांना? “घोंगडं दे की म्हातारीला.” धनगराच्या बाईला घोंगडं द्यायची अक्कल तुम्ही शिकवत व्हता! घोंगडं अंगावर घेत्यात. श्वास घोंगड्याच्या बाहेरचा घ्यावा लागतो. एवढं साधं तुम्हाला कळंना.

आप्पांच्या मनात बसलं ते बसलं. गोळी वाळवून ठेवायची. थंडीत तिला ओल पाजायची. ती तापती. तिच्यातनं गेलेली हवा ऊबदार व्हती. ना जाळ, ना धूर. मी म्हणलं, “आप्पा, म्हंजी उन्हाळा डब्यात भरून ठेवायचा?” आप्पा म्हणले, “उन्हाळा न्हाई रं. उन्हाळा डब्यात टिकत न्हाई. तहान भरून ठेवायची. तहान बंद झाकणाखाली किती बी दिवस ऱ्हाती.”

ऐकलं का? सातवी शिकलेला माणूस व्हता. आज तुम्ही एवढे पदवीवाले हारतुरे घेऊन बसलाय, एकाला तरी असं वाक्य सुचलं का सकाळपासनं?

आन् हे काय एका रात्रीत झालं न्हाई. पहिल्या उन्हाळ्यात आप्पांनी टाकाऊ गोळ्या पत्र्यावर वाळत घातल्या. साऱ्या आळीला दोन महिने फुकटचा तमाशा. ज्ञानूआबा, तुम्हीच त्या वेळी म्हणला व्हता, “म्हस्कू, बायकांची कामं कवापासनं सुरू केली?” वैनी बी वैतागल्या. म्हणल्या, “कुरडया घातल्या असत्या तर तळून तरी खाल्ल्या असत्या.” वैनींना बोलायचा हक्क हाय, त्यांनी पत्रा झाडला हाय. तुमचा काय संबंध? गोळ्या काय वाळल्या न्हाईत. पत्र्यावरच्या उन्हाचा ताप पुरत न्हाई त्यांना. दिवसभर जेवढी ओल जायची, तेवढी पहाटंच्या गारव्यात परत प्यायच्या. त्या थंडीत आप्पांनी डबा उघडला तर नुसता कोमट. आई खोकतच ऱ्हायली.

दुसऱ्या साली मी म्हणलं, आप्पा, आमच्या खुटबावात गुऱ्हाळं हायत. चुलवाणात चिपाडं जळत्यात, वर काहिलीत रस उकळतो, आन् उरलेला ताप धुराड्यातनं फुकट आभाळात जातो. माझा चुलतभाऊ गुळव्या. त्याला गुळाचं सोडून बाकी काय कळत न्हाई, पण अडवणार बी न्हाई. आम्ही धुराड्याच्या वाटंवर पत्र्याचे ट्रे बसवले. त्यात गोळ्या पसरल्या. चार तासांत अशा कोरड्या झाल्या की थुंकी लागली तरी बोट भाजायचं. गरम गरम ड्रमात भरायच्या, झाकणाला ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर, वरनं ग्रीस, वरनं लोखंडी कडं. जरा कुठं सुईएवढी फट ऱ्हायली की पावसाळ्याची हवा आत शिरती आन् चार महिन्यांत तहान संपती. पहिले दोन ड्रम असेच फुकट गेले.

मग थंडी आली. तर तुमच्या गावची थंडी कोरडी! हवेतच ओल न्हाई तर गोळी पिणार काय? मग ओलं गोणपाट टांगलं, त्याच्यातनं हवा आणायची. हवा ढकलायला पंखा, आन् लाइट न्हाई. मग लोहाराच्या भट्टीवरचा हातानं फिरवायचा पंखा आणला. फिरवला. तर गोळ्यांचा पांढरा भुगा साऱ्या खोलीत उडाला. जिच्यासाठी केलं, तीच दिवसभर खोकून अर्धी झाली. त्या दिवशी आप्पा जेवले न्हाईत. मला म्हणले, “विलास, धूर परवडला.”

पण सोडलं न्हाई. वैनींचं जुनं लुगडं चार पदरी करून नळीच्या तोंडाला बांधलं, आन् भुगा थांबला.

आन् तिसऱ्या साली, पौषात, एक ड्रम नीट चालला. पहाटं आप्पांनी पंखा फिरवला. अर्ध्या तासात खोलीतली हवा अशी झाली जशी दुपारी ओसरीवर असती. आई उठून बसली. म्हणली, “म्हस्कू, आज छातीवरचा दगड कुणी उचलला रं?”

मी हे पुस्तकात वाचलेलं सांगत न्हाई. ओलं गोणपाट माझ्या हातात व्हतं. मी तिथं व्हतो.

आता पुढं. त्याच साली कंपनीनं साऱ्या टॉवरांतल्या गोळ्या बदलल्या. जुन्या गोळ्या पोत्यांनी बाहेर पडल्या. आप्पांनी मॅनेजरकडं अर्ज केला, मॅनेजरनं सही केली. आख्खा उन्हाळा दर सुट्टीला आप्पा खुटबावात. धुराड्यापाशी उभं राहून केस करपले, भुवया गेल्या. बारा ड्रम भरले. एक ड्रम म्हंजी चार पहाटा. बारा ड्रम म्हंजी अठ्ठेचाळीस, मार्गशीर्षापासनं माघापतुर कडाक्याच्या थंडीतली आईची एक बी पहाट वाया जायची नव्हती. टेम्पोतनं चौफुला, न्हावरा, शिरूर करत बाराच्या बारा हितं आणले. घरामागच्या शेडात वळीनं उभे केले. आप्पा मला म्हणले, “आता फक्त दिवाळीपतुर गप बसायचं.”

गप बसायचं! कवठे येमाईत! मंडळी, त्या माणसानं लोखंडाचं झाकण हवाबंद केलं, पण तुमच्या तोंडाला ट्यूबचं रबर लावायचं इसरला.

श्रावणात पेपरवाल्याला बातमी लागली. ‘ग्रामीण कामगाराचा चमत्कार.’ झालं. अध्यक्षसाहेब, तुम्ही गाडी घेऊन आला. तुमच्या मागनं पुढारी, पुढाऱ्यामागनं पिंट्या-बंट्या. लोकार्पण करायचं ठरलं. आप्पा म्हणले, “साहेब, थंडीत करू. आता उघडलं तर ऊब पावसाळ्यातच सरंल.” तुम्ही काय म्हणला? “अरे, तोपर्यंत आचारसंहिता लागंल.” आईच्या श्वासाला बी आचारसंहिता लागती, हे मला त्या दिवशी कळलं.

आप्पांनी हात जोडले. म्हणले, एक ड्रम उघडा. एकच. बाकीच्यांना हात लावू नका. तुम्ही म्हणला, ठीक.

आन् मग झाला तो तुमच्या गावचा खरा शोध. मानाचा प्रश्न. ड्रम एक, मग पहिला नारळ कुणाचा? ह्या भावकीचा का त्या भावकीचा? वरल्या आळीचा का खालल्या आळीचा? मंडपात पाहुणे बसलेत, वर पाऊस रिपरिप करतोय, आन् तुमची मानावरनं जुंपलेली. यात्रेत काठीचा मान आमचा, पालखीचा तुमचा, बैलगाड्याचा त्यांचा, मग ड्रमाचा कुणाचा? घोंगडं नीट अंगावर घेता येत न्हाई, पण मानाचं टोक सोडवत न्हाई.

तेवढ्यात पुढाऱ्यानं बंद ड्रमाला हात लावला. म्हणला, “हे तर गारच आहे की!” सारा मंडप हसला. अरं, गारच असणार! तहान काय हाताला लागती व्हय? पण आता शंका आली म्हटल्यावर उघडायलाच पायजे. मग ज्ञानूआबांनी तोड काढली. लई शहाणी तोड. ड्रम बारा हायत, मानकरी बारा काढू. ज्याचा त्याचा ड्रम, ज्याचा त्याचा नारळ, कुणाचा रुसवा नको.

टाळ्या वाजल्या. आप्पा मधी आले. म्हणले, “आबा, पाया पडतो. माझी वर्षाची मेहनत हाय. आईची थंडी हाय त्यात.” आबा म्हणले, “आरं, बंद झाकणाची पूजा करत्यात व्हय कुठं? देवाला बी पडदा सारूनच दाखवत्यात.” आन् सभेत मोठ्या माणसाचा शब्द खाली पडू द्यायचा न्हाई, ही आप्पांना घरातनं मिळालेली शिकवण. तिथंच मार खाल्ला त्या माणसानं.

बारा झाकणं काढली. बारा नारळ ड्रमांच्या काठावर फुटले. नारळाचं पाणी आत. हळद-कुंकू आत. तांब्या तांब्या पाणी आत. गोळ्या चर्र वाजल्या, फुटल्या, वाफा आल्या. आन् मंडळी, तुम्ही नाचायचे बाकी ऱ्हायला! “तापलं, तापलं! चमत्कार झाला!” बायांनी हात घातले, पोरांनी हात घातले, कुणी मूठ मूठ गोळ्या खिशात घातल्या प्रसाद म्हणून. पुढाऱ्याचं भाषण तासभर, झाकणं उघडी, वर रिमझिम. आईच्या सगळ्या थंडीची ऊब तुम्ही श्रावणातल्या एका दुपारी घाम पुसत पुसत संपवली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

आता तुम्ही म्हणाल, विलास बरा आमच्याच नावानं बोटं मोडतोय. तर ऐका. बारा मानकरी मोजले तर अध्यक्षसाहेबांना धरून गावचे अकराच भरले. बाराव्यावर पुन्हा भांडण लागणार, म्हणून अध्यक्षसाहेब म्हणले, “बारावा मान खुटबावच्या पाहुण्यांना.” म्हंजी मला.

मंडळी, मी बौद्ध माणूस. माझ्या घरात नारळ फुटत न्हाई, पूजा व्हत न्हाई. कंपनीत आयुधपूजेला सारे नारळ फोडत्यात, तवा मी बाजूला उभा राहून हसतो. आन् त्या मंडपात बसलेल्या सगळ्यांत त्या गोळ्यांवर पाणी पडलं की काय व्हतं, हे आप्पांच्या खालोखाल मलाच म्हायत व्हतं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांची खात्री व्हती. विलास न्हाई म्हणंल.

मी न्हाई म्हणलो न्हाई.

आयुष्यात पयल्यांदा कुणी मला भर सभेत, फेटा बांधून, म्होरं या म्हणलं व्हतं. माझ्या बापाला ह्याच तालुक्यांतल्या मंडपांत कायम कडंला बसवलं. मी उठलो. फेटा बांधून घेतला. तांब्या हातात घेतला. बारावं झाकण मी काढलं, ज्याचं रबर मीच बसवलं व्हतं. आन् पाणी ओतलं. लोकांनी माझ्यासाठी बी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं.

तुमची मला जेवढी किळस येती ना, त्याच्या दुप्पट माझी येती. तुम्ही अडाणी व्हता. मी नव्हतो.

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला आप्पा भेटले. मला वाटलं शिव्या देतील. देतील तर बरं. आप्पांनी मीटरची रीडिंग लिवली, वही ठेवली, म्हणले, “विलास, खोबरं गोड निघालं का रं?” एवढंच. पुन्हा तो इषय कधी काढला न्हाई. काढला असता तर मला आज एवढं जड गेलं नसतं.

पाण्यात भिजलेल्या गोळ्यांचा भुगा झाला व्हता. चाळून, निवडून, धडक्या गोळ्या काढल्या तर दोन ड्रम भरले. गुऱ्हाळावर नेऊन परत वाळवले. दोन ड्रम म्हंजी आठ पहाटा. आप्पा रोज आभाळ बघायचे, वारा बघायचे, आन् ठरवायचे, आज उघडू का उद्या? उद्या जास्त पडली तर? एका आईच्या श्वासाचं असं रेशन लावलं व्हतं. बाकीच्या पहाटा आईनं भिंतीला टेकून बसून काढल्या. आडवं झालं की दम कोंडतो तिचा.

आन् त्याच थंडीत तुम्ही शेडात आला. “कुठं हाय ती ऊब? दाव की आता.” रिकामे दहा ड्रम बघितले आन् म्हणला, “बोगस हाय म्हस्कू. पेपरात नाव यायला केलं.” ‘गरम म्हस्कू’ हे नाव तवाच पडलं. एसटीत बसले की मागनं आवाज, “सरका, सरका, गरम म्हस्कू आला.” ज्यांनी ओतलं, त्यांनीच रिकामं म्हणून नावं ठेवली. बारातल्या एका मानकऱ्याला तरी वाटलं का, आपण काय केलं? एक जण तरी गेला का आईच्या खोलीत, पहाटं पंखा फिरवायला?

नव्या गोळ्या मिळाल्या न्हाईत. कंपनीनं दुसरं मशीन घेतलं, त्यात गोळ्याच न्हाईत. तेव्हापासनं दर साली तेच दोन ड्रम. दर साली त्यातल्या थोड्या झिजत्यात, चाळाव्या लागत्यात. औंदाच्या वैशाखात आप्पा आन् मी शेवटचे गेलो गुऱ्हाळावर. हे दोन भरले. झाकणावर ग्रीस लावताना आप्पा म्हणले, “विलास, ह्या वर्षी आई आठ पहाटांत भागवंल. तिला सवय झालीय.” आन् दहा दिवसांमागं सेकंड शिफ्टला कंप्रेसर रूममध्ये छातीत कळ आली. माझ्याच हातांवर गेले.

आता तुम्ही काय करताय? तेच दोन ड्रम हार घालून हितं आणताय. तोच तांब्या. तीच माणसं. अध्यक्षसाहेब, तुम्ही मघाशी म्हणला, फक्त चमचाभर पाणी, प्रतीक म्हणून. झाकण निघालं की प्रतीक उरत न्हाई साहेब. हवा आत शिरती. दिवाळी पंधरा दिवसांवर आलीय. त्यानंतर आईची थंडी सुरू.

काय म्हणला, आबा? मोठ्यानं बोला. “मेलेल्या माणसाचा मान राखायला नको का?” आबा, तुमचं वय बघून तोंड आवरतोय. आप्पांचा मान तुम्ही एकदा राखला हाय. बारा नारळांनी राखला. त्याचं फळ ही पुढं बसलीय बघा, भिंत न्हाई म्हणून लेकाच्या फोटोच्या खांबाला टेकलीय. सकाळपासनं तुम्ही फोटोपुढं उदबत्त्यांचा पुडा जाळताय. एकानं तरी बघितलं का, माउलीनं तोंडाला पदर लावलाय तो रडण्यासाठी न्हाई? वैनी, त्या उदबत्त्या विझवा. हां. पाण्यात बुडवा. तांब्या तिथंच हाय, त्याचा तेवढा तरी उपयोग होऊ द्या.

तुमचा ठराव बी ऐकला मी. वेशीवर आप्पांच्या नावाची कमान बांधायची. बांधा. कमानीखालनं वारा लई छान येतो. मला तुमच्या कमानीचं काय बी देणंघेणं न्हाई. मी आईला खुटबावला चला म्हणलं. आई म्हणली, “म्हस्कूनं केलेली खोली सोडून मी कुठं जाऊ?” मग मीच येईन. आठ पहाटा. कुठल्या आठ ते आईनं ठरवायचं, मी न्हाई, तुम्ही तर न्हाईच न्हाई. गोणपाट भिजवायचं मला म्हायत हाय. पंखा वैनी फिरवत्यात, त्यांचा हात आप्पांपेक्षा सारखा चालतो. आठ संपल्यावर काय करायचं, ते मला म्हायत न्हाई. खोटं बोलायला मी तुमच्यातला पुढारी न्हाई.

आता शेवटचं. तुमच्या रितीप्रमाणं दोन मिनिटं उभं राहून मौन पाळायचं असतं. तसलं मौन नको. आप्पांच्या तिरडीला खांदा द्यायला लई रेटारेटी चालली व्हती, मी बघितली. आता त्याच खांद्यांनी एक काम करा. एकेका ड्रमाला चौघं. बारातले जे मानकरी अजून धडधाकट हायत, त्यांनीच पुढं या. ज्ञानूआबा, तुम्ही नका, तुमची पोरं येऊ द्या. तिसऱ्या ड्रमाचा मान अध्यक्षसाहेबांकडं व्हता, फोटो हाय पेपरात. या साहेब, कोट काढून ठेवा. बाराव्याचा मान माझा व्हता, मी ही कड धरतो. हार काढा आधी. झाकणाला हात लावायचा न्हाई, कड्याला धरायचं न्हाई, तळातनं उचलायचं.

आईच्या खोलीपतुर न्यायचे हायत. पुढं आई चालंल. तिला धाप लागली की ती थांबंल. ती थांबली की समद्यांनी थांबायचं, ओझ्यासकट. ती पुन्हा पाऊल टाकीपतुर कुणी बोलायचं न्हाई, कुणी ड्रम खाली टेकवायचा न्हाई. तेवढं मौन पाळा आप्पांसाठी.

आई, उठा. हळू. आम्ही तुमच्या मागं हाय.